सौनाचं दार

फोन वाजला तेव्हा एन्सिओ घरातल्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, खालच्या बाकाखाली डोकं घालून पडला होता. तोंडात पेचकस, हातात जाडजूड केबल, आणि चष्मा कुठे होता ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. फोन कायानीहून तूलिक्कीचा होता, त्याचा मित्र आर्वी याच्या मुलीचा. ती उगाच फोन करणाऱ्यांतली नव्हती.

"काका, डॉक्टर आत्ताच बघून गेले," ती म्हणाली. "आज, नाहीतर उद्या. त्यापुढचं काही बोललेच नाहीत."

एन्सिओ घाईने उठायला गेला आणि बाकाची कड टाळक्यात बसली. तरी तो हूं की चूं न करता उठून बसला. "शुद्धीवर आहे का?"

"दुपारी असतात. औषधाचा जोर उतरला की थोडा वेळ. कॉम्प्युटर त्यांच्या पलंगावरच्या टेबलावर मांडून दिलाय. नर्स हलवायला गेली तर हातावर चापट मारली तिच्या. काका, तुझ्याकडचं सुरू झालं का?"

"होतंय."

"गेले पंधरा दिवस 'होतंय'च म्हणतोयस."

"सांग त्याला, होतंय म्हणून."

तूलिक्की हलक्या आवाजात म्हणाली, "नाहीच झालं तर? तू मला सांग ना, काय सांगायचं ते. मी बाबांच्या कानात सांगते. शब्दन्‌शब्द सांगते."

एन्सिओने विचार केला. खूप केला. कपाळाच्या शिरा फुगल्या.

"सांग, इकडे उणे अठरा आहे," तो म्हणाला. "वारा उत्तरेचा."

"एवढंच?"

"बर्फ पडेलसं वाटत नाही."

"बरं," तूलिक्की म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आयुष्यभर असल्याच दोन माणसांत वाढली होती ती. फोन ठेवल्यावर एन्सिओ मात्र स्वतःवर इतका चिडला, की पेचकस भिरकावून दिला. तो भिंतीच्या फळीवर आपटून शेगडीच्या दगडांत जाऊन पडला.

आर्वी केम्पाइनेन आणि एन्सिओ राउतियाइनेन, दोघेही टेलिफोनच्या तारांवर म्हातारे झालेले. ईसाल्मीपासून कायानीपर्यंतचे खांब त्यांनी मिळून रोवले होते, दलदलीत कमरेपर्यंत बुडून, डासांना रक्त पाजून. पुढे ऑफिसने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा दोघांनी एकेक घरी उचलून आणला. पत्र्याचं पेटाड, काळा पडदा, हिरवी अक्षरं. एका हिवाळ्यात बसून त्यांनी स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला. एकाने इकडे टाइप केलं की दुसऱ्याकडे अक्षरं उमटायची, तीही अशी गुंडाळून पाठवलेली की त्या दोन यंत्रांखेरीज जगातल्या कुठल्याही यंत्राला त्यातलं ओ की ठो कळू नये. ऑफिसातल्या चोंबड्या मंडळींनी लाईनला कान लावला तर त्यांच्या हाती नुसता भुसा लागावा, एवढाच काय तो उद्देश. खोडी म्हणून केलेली गोष्ट आयुष्यभर पुरली. रोज संध्याकाळी कॉफी झाली की मॉडेम शिट्टी वाजवायचा आणि दोघे बोलायला बसायचे. एक दिवस हा फोन लावणार, एक दिवस तो.

नियम मात्र खात्यातला जुनाच ठेवला होता. ज्याने फोन लावला, त्यानेच लाईन सोडायची. समोरच्याने रिसीव्हर कितीही आपटला तरी जुन्या एक्सचेंजमध्ये लाईन सुटत नसे, आणि यांच्या प्रोग्रॅममध्येही सुटत नसे. त्यावरून त्यांची कितीतरी भांडणं झालेली होती. हॉकीची मॅच लागायची आणि एन्सिओ मुद्दाम लाईन सोडायचा नाही.

मग आर्वीच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणतं नळकांडं त्याला मिळालं. ते त्याने एकदाच लावून पाहिलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. तेव्हापासून आर्वीचा आवाज म्हणजे ती हिरवी अक्षरं. तिथे तो पूर्वीसारखाच भांडायचा, थापा मारायचा, शिव्या द्यायचा. बाहेरच्या जगाला तो मुका झाला होता, एन्सिओसाठी नव्हता.

शरद ऋतूत कंपनीने तांब्याच्या तारा काढल्या. म्हणे, आता कोणाला लागतात! एन्सिओ खिडकीतून बघत उभा राहिला आणि त्यानेच रोवलेला कोपऱ्यावरचा खांब ट्रकने दात उपटावा तसा उपटून नेला. त्या संध्याकाळी मॉडेम शिट्टी वाजवून वाजवून थकला. पुढे आर्वी अंथरुणाला खिळला. ख्रिसमसनंतर दोघांकडे एकेक डबी आली, काडेपेटीएवढी. टाम्पेरेचा एक उद्योगी माणूस घरी बसून बनवतो. ती कॉम्प्युटरच्या मागच्या पिनांच्या तोंडात खोचायची. आतल्या यंत्राला वाटतं की मागे तोच आपला जुना मॉडेम बसलाय, आणि डबी खरं तर घरातल्या वायफायवरून बोलत असते. कायानीला तूलिक्कीच्या ऑफिसातल्या कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत ते जोडून दिलं. तिकडचा दिवा तेव्हापासून हिरवा होता.

एन्सिओकडचा लाल होता.

एन्सिओचा कॉम्प्युटर सौनात होता, यात ईसाल्मीत कोणी भुवया उंचावल्या नसत्या. बंद पडलेल्या सौनात कोणी बटाटे ठेवतं, कोणी स्की. बायको केर्तू वारल्यापासून या सौनाची शेगडी पेटली नव्हती. एकट्याने वाफ घेत बसणं एन्सिओला जमलं नाही. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून उठून आला. मग त्याने तिच्या बाकावर कॉम्प्युटर मांडला, निदान कोणीतरी बसलेलं असावं म्हणून. सौना त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली होती. आणि बांधली होती म्हणजे काय, फळ्यांच्या मागे चारही बाजूंनी, छताला, दारालासुद्धा, चकचकीत अॅल्युमिनियमचा कागद लावलेला, सांध्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या. केर्तू तेव्हा हसली होती, "नाताळचं डुकराचं मटण गुंडाळतोयस का रे?" पण ऊब काडीचीही बाहेर जात नसे. अख्ख्या रांगेतल्या घरांत अशी सौना दुसरी नव्हती, हे तो पाहुण्यांना न विचारता सांगायचा.

आता त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरं काय करणार? डबी काढली, स्वयंपाकघरात नेली, टेबलावर चार्जरला लावली. थोडं थांबून दिवा हिरवा झाला. म्हणजे डबी शहाणी. परत सौनात आणली, दार लावलं, कॉम्प्युटरच्या मागे खोचली. लाल. केबल काढून जुन्या मॉडेमला लावून तपासली. केबल शहाणी. कॉम्प्युटरचं तोंड त्याच्याच दोन पिना जोडून तपासलं, पाठवलेली अक्षरं जशीच्या तशी परत आली. यंत्रही शहाणं. तिघे वेगवेगळे शहाणे आणि एकत्र आले की वेडे. हे घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला कळेना.

पाठवायची आणि घ्यायची तार त्याने उलटसुलट करून पाहिली. वेग कमी केला, मग आणखी कमी केला, इतका की अक्षरं गोगलगायीच्या चालीने आली असती. थांब आणि चल सांगणाऱ्या तारा एकमेकींना बांधून टाकल्या. पेटाड उघडून आतली चिप बदलली, जपून ठेवलेली शेवटची. नवी केबल झाळून बनवली आणि झाळताना अंगठा भाजून घेतला. वीज कमी पडत असेल म्हणून दुसरा चार्जर आणला. प्रत्येक वेळी दार लावून घ्यायचा, स्टुलावर बसायचा, दिव्याकडे डोळे लावायचा. लाल. कॉम्प्युटरला त्याने कायानीला सारखी हाक मारत राहायला सांगून ठेवलं होतं. पडद्यावर एकाखाली एक तेच उमटत होतं. *लाईन नाही. लाईन नाही. लाईन नाही.*

शेवटी त्याने टाम्पेरेच्या माणसाला फोन लावला. हे त्याच्या फार जिवावर आलं. जन्मभर लोकांनी त्याला विचारलं होतं, त्याने कोणाला विचारलं नव्हतं.

"वायफायचा राउटर किती लांब आहे?" त्या माणसाने विचारलं.

"चार पावलांवर. हॉलमध्ये."

"मग तो प्रश्नच नाही. यंत्रातच दोष असणार. माझ्याकडे पाठवून द्या, महिनाभरात बघतो."

"महिनाभरात," एन्सिओ म्हणाला आणि फोन ठेवला.

बाहेर अंधारून आलं होतं, जानेवारीत तिथे दुपार अशीच आटपते. कायानीला आर्वीचं औषध उतरलं असेल, तो उठून बसला असेल. तूलिक्कीने पाठीशी उशी दिली असेल. आणि तो पडद्याकडे बघत असेल, जसा इकडे हा बघतोय. एन्सिओला एकदम धाप लागली. छातीत काही झालं नव्हतं, नुसती भीती. एवढा घाबरला तो आयुष्यात कधी नव्हता, खांबावरून पडला तेव्हाही नाही.

दार उघडलं आणि शेजारची हिल्का आत आली. दोघांच्या घरांत एकच भिंत होती आणि हिल्काचे कान ऐंशीतही शाबूत होते.

"काय चाललंय? भिंत पाडतोयस का? माझ्याकडचं घड्याळ खाली आलं!" तिने आत येत दार ओढून घेतलं.

"हिरवा!" एन्सिओ ओरडला. "आत्ता हिरवा झाला होता! हलू नकोस!"

हिल्का जागच्या जागी थिजली. दिवा पुन्हा लाल झाला.

"कुठे पाय दिलास? वायरवर दिलास! पुन्हा दे."

"मी कुठे दिला—"

"पाय दे गं बाई, सांगतो ते कर! तिथे. जरा डावीकडे. जोरात."

बिचाऱ्या हिल्काने वायरीवर पाय दिला. मग डावीकडे दिला. मग एन्सिओच्या सांगण्यावरून एका पायावर उभी राहिली, भिंतीला हात लावून. दिवा ढिम्म हलला नाही. एन्सिओ गुडघ्यांवर बसून वायरीचा वीतन्‌वीत भाग दाबून बघत होता. तुटलेली जागा सापडेल, आत्ता सापडेल.

"एन्सिओ," हिल्का एका पायावरूनच म्हणाली, "मी पाय खाली ठेवू का? माझं वय झालंय."

एन्सिओने वर पाहिलं. त्याचा चेहरा बघून हिल्काने चेष्टा गिळून टाकली.

"आर्वी चाललाय," तो म्हणाला. "आज, नाहीतर उद्या. तिकडे यंत्र उशाशी घेऊन वाट बघतोय माझी. आणि मला एक तार जोडता येत नाहीये. अख्ख्या जिल्ह्याला फोन दिले मी, हिल्का. जंगलात, जिथे रस्ता नाही तिथे दिले. आणि माझ्या एकुलत्या एका मित्राला..."

त्याने की-बोर्डवर कपाळ टेकलं. पडद्यावर एकाच अक्षराची रांगच्या रांग उमटत गेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

हिल्काला अशा वेळी काय बोलायचं ते कळत नसे. तिच्या घरच्यांत कोणाला कळत नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं, जसं गोठ्यात गाईला थोपटतात. "सकाळपासून काही खाल्लं नसशील," ती म्हणाली. "कॉफी करते." ती गेली, जाताना दार नीट लावून गेली.

एन्सिओ तसाच बसून राहिला. तूलिक्कीला फोन करावा, सांगावं की जमलं नाही. सांगावं, की त्याच्या कानात सांग... काय सांग? मनात सगळं होतं. पण ते तूलिक्कीच्या तोंडून, नर्सच्या देखत, उसन्या आवाजात? पन्नास वर्षांत जे दोघांनी कधी तोंडाने म्हटलं नाही ते? त्याने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. परत घेतला.

बाहेर कपबशा वाजल्या. हिल्काने कोपराने कडी दाबली, ढोपराने दार ढकललं आणि आत आली. दोन्ही हातांत मोठा ट्रे, त्यावर कॉफीचं भांडं, कप, वेलचीचा पाव. हात मोकळा नसल्यामुळे दार तिच्या पाठीला अडून उघडंच राहिलं.

"सरक जरा, ठेवू कुठे हे?"

दिवा हिरवा झाला. या वेळी तो हिरवाच राहिला. पडद्यावर *लाईन नाही* च्या खाली नवीन ओळ आली. *लाईन लागली.* आणि लगेच तिच्याखाली, एकेक करत, थांबत थांबत, अक्षरं उमटायला लागली.

*एन्सि*

एन्सिओ पडद्याजवळ सरकला. हा आर्वी होता. त्याच्या बोटांची चाल हजारांत ओळखू आली असती. आणि त्याच क्षणी पाठीला गार वारा लागला, नि लहानपणापासून हाडीमाशी खिळलेला तो शब्द, जो आईने, बापाने, आजोबांनी, प्रत्येक शनिवारी सौनात बसल्यावर, प्रत्येक पोराच्या अंगावर फेकलेला असतो, तो त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

"दार!"

आणि हिल्काने, तीही त्याच मातीतली, दोन्ही हातांत ट्रे असताना कमरेने धक्का देऊन दार लावलं.

दिवा लाल. *लाईन तुटली.*

"नाही!" एन्सिओ ओरडला. "नाही, नाही, तो बोलत होता! त्याने माझं नाव..." त्याने डबी उपटली, पुन्हा खोचली, पेटाडावर थाप मारली. *लाईन नाही. लाईन नाही.* "काय केलंस? काय हललं?"

"मी काही केलं नाही! तू म्हणालास दार, मी दार लावलं!"

एन्सिओने हळूहळू मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग छताकडे. फळ्यांआड, सांधान्‌सांधा पट्ट्यांनी बंद केलेला तो चकचकीत कागद त्याला इतका स्वच्छ दिसला, जणू फळ्या काचेच्या झाल्या.

तारेला भिंत कधी आडवी आली नव्हती. भोक पाडायचं, तार ओवायची, संपलं. जन्मभर त्याच्या हातून जे गेलं ते तांब्यातून गेलं, म्हणून भिंतीचा विचारच त्याच्या डोक्यात आला नाही. आणि ही डबी तर हवेतून बोलत होती. पंधरा दिवस तो तिला आत आणत होता, आणि प्रत्येक वेळी, कोणी न सांगता, स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावर धातूचं झाकण लावत होता. सौनाचं दार उघडं टाकणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता.

"माझा गाढवपणा," तो पुटपुटला. "पंधरा दिवस. हिल्का, पंधरा दिवस बोलू शकलो असतो मी त्याच्याशी." आणि मग, "उघड. उघड ते दार!"

हिल्काने ट्रे फरशीवरच ठेवला आणि दार उघडलं. ते आपोआप मिटू बघत होतं. दार तसंच मिटावं अशीच एन्सिओने बिजागरी बसवली होती. तिने कोपऱ्यातली लाकडी बादली ओढली, केर्तूची वाफेच्या पाण्याची, आणि दाराला टेकवून ठेवली. मग ती तिथेच पाठ टेकून उभी राहिली, बादलीवर विश्वास नसल्यासारखी.

लाल. लाल. हिरवा. *लाईन लागली.*

पलीकडे काहीच नव्हतं. तो वाट बघत राहिला. झोपला असेल. किंवा... त्याने टाइप केलं, जसं इतकी वर्षं करत आला होता.

*ईसाल्मी बोलतोय.*

बऱ्याच वेळाने अक्षरं आली.

*कायानी ऐकतोय. कुठे होतास?*

*सौनात.*

*चार महिने?*

*वाफ चांगली होती.*

*हसलो,* आर्वीने लिहिलं. *दुखलं.*

एन्सिओने बाहीने नाक पुसलं. हिल्का दारातूनच म्हणाली, "काय म्हणतोय?" आणि एन्सिओने हात हलवून तिला गप्प केलं.

*उणे अठरा ना,* आर्वीने लिहिलं. *तूलिक्की कानात ओरडून गेली. वारा उत्तरेचा. एवढंच सांगायला पोरीला दमवलंस.*

*दुसरं तिच्यामार्फत मला सांगवेना.*

*मग आता सांग.*

एन्सिओची बोटं अक्षरांवर थांबली. हिरवा चौकोन लुकलुकत राहिला. इतकी वर्षं याच पडद्यावर त्यांनी हॉकी, मासे, सरकार आणि गुडघेदुखी यांवर रान उठवलं होतं, आणि हे एक तेवढं कधी लिहिलं नव्हतं.

*तुझ्याशी बोललो नाही तर माझी संध्याकाळ होत नाही,* त्याने लिहिलं. *केर्तू गेली तेव्हा तू होतास म्हणून मी राहिलो. घाबरलोय मी, आर्वी.*

अक्षरं यायला वेळ लागला. इतका, की त्याला वाटलं आपण फारच बोलून गेलो.

*मीपण,* आर्वीने लिहिलं. *आता कमी. मला वाटलं तू यायचाच नाहीस.*

*मूर्ख आहे मी. दार लावून बसलो होतो.*

*ते नवीन नाही.*

मग थोड्या वेळाने, अक्षरा-अक्षरात मोठी फट ठेवत, *आज कोणी लावला?*

*मी.*

*म्हणजे सोडायचा तू.*

*हो.*

*घाई करू नकोस. मी जरा डोळे मिटतो. लाईनवर राहा.*

*आहे,* एन्सिओने लिहिलं. *इथेच आहे.*

चौकोन लुकलुकत राहिला. हिल्काने कॉफी ओतून त्याच्या हाताशी ठेवली, ती निवून गेली. तिने एक लोकरीचं पांघरूण आणून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली, पाठ दाराला लावून. अधूनमधून एन्सिओ लिहायचा, *ईसाल्मी आहे,* आणि पलीकडून काही आलं नाही तरी पुन्हा वाट बघत बसायचा. लाईन उघडी होती, तिच्यात आर्वीचा श्वास ऐकू येत नव्हता, कधीच येत नसे, तरी एन्सिओ कान देऊन ऐकत होता.

मग अक्षरं आली. एकेका बोटाने, शोधत शोधत, परकी चाल. ही आर्वीची बोटं नव्हती, हे पहिल्याच अक्षराला एन्सिओला कळलं. त्याने डोळे मिटले नाहीत, सगळं वाचलं.

*काका मी तूलिक्की. बाबा आत्ता गेले. झोपेतच. हात याच्यावरच होता.*

हिल्का उठून एन्सिओच्या मागे येऊन उभी राहिली, वाचलं, आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. या वेळी तिने थोपटलं नाही, धरून ठेवलं.

*काका आहेस ना?*

*आहे, बाळा.*

*हे बंद कसं करायचं? मी सगळी बटणं दाबून पाहिली. होत नाही.*

हिल्काची नजर उघड्या दाराकडे गेली. दार उघडं ठेवायची सवय नसलेला तिचा हात आपोआप कडीकडे गेला आणि तिथून मागे आला. तिने बादली पायाने आणखी घट्ट सारली.

एन्सिओने चष्मा पुसला आणि सावकाश, एकही अक्षर न चुकवता, लिहिलं.

*तुझ्याकडून होणार नाही ते. लावला मी, सोडायचा मी.*

आणि मग त्याच्याखाली, *सोडीन. आज नाही.*